आवारातील पाखरे आणि पाहण्याचा आनंद

मराठी बोलणारा मनुष्य ‘कोकिळा गाते’ असे सहज म्हणतो, आणि खोपा विणणाऱ्या पाखराला ‘सुगरण’ म्हणतो. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. एखादी गायिका नावारूपास आली की तिला गानकोकिळा म्हणून गौरविण्याची आपली रीत आहे. आणि घरकामात निपुण असलेल्या गृहिणीचे नावच त्या विणकर पाखराला मिळाले आहे. वस्तुस्थिती अशी की, उन्हाळ्याच्या तोंडावर आंब्याच्या पानांआडून चढत्या स्वरात कुहू कुहू करणारा पक्षी नर असतो. तो चकचकीत काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके असलेली, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश. खोपा विणणाराही नरच. ही पाखरे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात आहेत, तरी भाषा त्यांच्याविषयी उलटेच सांगत राहिली. भाषेस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ऐकलेले नाव आणि पाहिलेले पाखरू ह्यांच्यात केवढे अंतर राहू शकते, हे दाखवावयाचे आहे. ते अंतर मिटते त्या क्षणी मनास एक निर्भेळ आनंद होतो. ह्या लेखाचा विषय तो आनंद आहे.

पाळक, धर्मगुरू आणि धर्मशिक्षक ह्यांना ह्या आनंदाची संधी इतरांपेक्षा पुष्कळ अधिक मिळते. आपली जुनी उपासनामंदिरे, शाळा आणि वसतिगृहे ह्यांची आवारे बहुधा ऐसपैस असतात. त्यांत चिंच, वड, पिंपळ, आंबा असे जुने वृक्ष असतात. एखादी विहीर असते. मागील बाजूस गवत माजलेले असते. शिवाय आपल्या कामात वाट पाहणे फार. लग्नाचे वऱ्हाड यावयाचे असते, दफनविधीसाठी दूरगावचे नातलग पोचावयाचे असतात, कमिटीच्या सभेस गणसंख्या भरावयाची असते. असा अर्धा-पाऊण तास व्हरांड्यात काढणाऱ्या मनुष्याला अरण्यात जाण्याचे कारण नाही. आरंभी दुर्बीणही नको. एकाच पाखरावर, ते उडून जाईपर्यंत, दृष्टी ठेवण्याची सवय तेवढी हवी. ही सवय वाटते त्यापेक्षा कठीण आहे. पाखराचे नाव आपणांस ठाऊक असले की आपली दृष्टी बहुधा नावापाशीच थांबते.

कावळ्याचेच घ्या. ‘कावळा’ ह्या एका शब्दाखाली आपण दोन निराळे पक्षी पाहत असतो. एकाची मान व छाती राखाडी असते, तो गावकावळा. दुसरा त्याहून मोठा, सर्वांगाने काळा, जाड चोचीचा आणि खर्जातल्या आवाजाचा, तो डोमकावळा. गावकावळा माणसाच्या वस्तीला चिकटून असतो; डोमकावळा वस्तीत येतो तसा रानातही राहतो. हा भेद एकदा डोळ्यांत भरला की रस्त्याने जाताना मनुष्य नकळत कावळे निवडू लागतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्या मुलांना स्वस्थ बसवणे अवघड, तीच मुले हा भेद सर्वांच्या आधी हेरतात, असा आमचा अनुभव आहे.

कावळ्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘पाखरे’ असा सर्वसामान्य शब्द आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात मात्र कावळ्याच्या कुळातील पक्ष्याचे नाव घेतले आहे. दोन्ही ठिकाणची ग्रीक क्रियापदे ध्यानात घेण्याजोगी आहेत. मत्तयाच्या ‘एम्ब्लेपो’ ह्या क्रियापदात दृष्टी रोखून पाहण्याचा भाव आहे. लूकचे ‘काटानोएओ’ त्याच्याही पुढे जाते. पाहून मनाने पुरते उमजून घेणे, असा त्याचा अर्थ. हा उतारा उपदेशासाठी घेतला की आपण बहुधा पाखरांवरून झर्रकन उडून चिंतेच्या विषयावर जाऊन बसतो. क्रियापद आज्ञार्थी आहे आणि त्याचा रोख पक्ष्यांकडे आहे, ह्याकडे आपले लक्ष जात नाही. ह्याहून अधिक टीका येथे नको. आवारात परत जाऊ.

डोळ्यांआधी कानांनी आरंभ केल्यास काम सोपे होते. हिवाळा सरत आला की दुपारच्या शांततेत टुक्-टुक्-टुक् असा एकसुरी, ठोके पडल्यासारखा आवाज सुरू होतो आणि तो थांबता थांबत नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा तो लागतो, म्हणून त्या पक्ष्याला आपण ‘तांबट’ म्हणतो. हा आवाज न ऐकलेला मनुष्य विरळा, आणि पक्षी पाहिलेलाही विरळाच. आवाज कधी उजवीकडून येतो, कधी डावीकडून. दोन-तीन पक्षी असावेत असे वाटते. नीट शोधल्यास पिंपळाच्या शेंड्याकडील निष्पर्ण फांदीवर चिमणीहून थोडे मोठे, बुटके, हिरवे पाखरू दिसते. त्याच्या कपाळावर व छातीवर किरमिजी ठिपका असतो, डोळ्यांभोवती आणि गळ्याला पिवळा रंग असतो. ते चोच मिटूनच आवाज काढते. प्रत्येक ठोक्याबरोबर गळा फुगतो. ठोके देताना ते डोके इकडून तिकडे वळवते, आणि त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्याचा भास होतो. वर्षानुवर्षे कानांवर पडणाऱ्या आवाजाचा धनी असा अवचित सापडला म्हणजे होणारा हर्ष त्या पक्ष्याच्या रंगांमुळे होतो असे आम्हांस वाटत नाही. रंग सुंदर आहेतच. पण एक जुने कोडे आपल्या डोळ्यांनी उलगडले, ही त्यातील मुख्य गोष्ट.

सुगरणीचे कोडे ह्याहून मोठे होते, आणि ते उलगडले जाण्याची कथा आपल्या कोकणात घडली. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीतील अभ्यास पुरा करून मुंबईस परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे पत्नीकडील मंडळींचे एक घर होते. तेथे ते जाऊन राहिले. पावसाळ्यात घराजवळ सुगरणींची वसाहत भरली. दुसरे काही काम नव्हते म्हणून म्हणा, ते दिवसामागून दिवस त्या खोप्यांकडे पाहत बसले. जे दिसले ते १९३१ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांना दिसले ते असे. विणीच्या हंगामात नराचा माथा व छाती पिवळीधमक होते. एरवी नर काय, मादी काय, चिमणीच्या मादीसारखीच मातकट दिसतात. नर भाताच्या, उंच गवताच्या किंवा शिंदीच्या पानाच्या काठावर चोचीने खाच पाडतो आणि एक लांब पट्टी ओरबाडून घेतो. अशा पट्ट्यांच्या गाठी मारून तो प्रथम फांदीला एक कडे टांगतो आणि मग वरून टोपीसारखा आकार विणत आणतो. खोपा असा अर्धा झाला की काम थांबते. माद्यांचा थवा येतो. नर आपापल्या खोप्याला उलटे लटकून पंख फडफडवतात. मादी आत शिरते, विणकाम चोचीने ओढून पाहते. तिच्या पसंतीस उतरले तरच नर अंड्यांची कोठी आणि खाली उतरणारी लांब नळी पुरी करतो. आतील अस्तराचे काम मादीचे. एक घर असे नांदते झाले की नर जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. संपूर्ण खोप्यास सुमारे १८ दिवस लागतात.

विहिरीवरच्या बाभळीला पुऱ्या खोप्यांबरोबर काही अर्धवट, नळी नसलेले खोपेही लोंबत असतात. ते पावसाने मोडलेले, किंवा नराने आपल्या झोक्यासाठी बांधलेले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यांपैकी बहुतेक नापसंत ठरलेले खोपे असतात. हे ज्याला ठाऊक झाले त्याला ती बाभूळ निराळीच दिसू लागते. कोणते घर वसले, कोणते नाकारले गेले, कोणता नर हट्टाने पुन्हा आरंभ करीत आहे, हे सगळे त्याला खालून वाचता येते. आणखी एक समजूत अशी की, सुगरण खोप्यात ओल्या मातीला काजवे चिकटवून दिवा लावते. काजव्यांचे सोडून द्यावे. पण पाहणाराने खाली पडलेला एखादा खोपा उकलून बघावा. कोठीच्या आतील बाजूस वाळलेल्या चिखलाचे थर खरोखरच आढळतात. दंतकथेच्या मुळाशीही कोणीतरी, कधीतरी, काहीतरी नीट पाहिलेले असते.

आमचे वाचक निरनिराळ्या भाषांच्या शेजारात राहतात, म्हणून नावांविषयी दोन शब्द. बेळगावकडे ह्या पाखराला कन्नडमध्ये ‘गीजग’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे ते ‘बया’ आहे. बडोद्यास ‘सुगरी’, म्हणजे आपल्या सुगरणीची सख्खी बहीणच. हैदराबादेत मात्र तेलुगू शेजारी त्याला ‘गिजिगाडू’ म्हणतात, आणि ‘गाडू’ हा तेलुगूत पुरुषवाचक प्रत्यय आहे. ते नाव देणाराने नराला विणताना पाहिले होते किंवा काय, हे सांगण्यास आधार नाही. परंतु एका भाषेने गृहिणी मानलेले पाखरू शेजारच्या भाषेत गडी ठरावे, ही गंमत हैदराबादेतील मराठी घरांना सहज चाखता येण्याजोगी आहे. मराठी नावांची मोठी बेगमी करावयाची असेल त्यांनी मारुती चितमपल्ली ह्यांचा ‘पक्षिकोश’ जवळ ठेवावा.

हा सर्व छंद धर्मसेवकाच्या वेळेचा अपव्यय होय, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आम्ही इंग्लंडातील सेलबोर्न ह्या खेड्यातील गिल्बर्ट व्हाइट ह्यांचे नाव पुढे करतो. १७२० ते १७९३ हा त्यांचा काळ. ते सहायक पाळक होते. त्यांच्याकडे मोठे पद कधी आले नाही, आणि गाव सोडून ते फारसे कोठे राहिले नाहीत. १७६८ पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत त्यांनी निसर्गाची रोजनिशी ठेवली: आज कोणते पाखरू प्रथम दिसले, कोणते फूल उमलले, पाऊस किती झाला. हिरवट-पिवळ्या रंगाची, एकसारखी दिसणारी काही चिमुकली पाखरे त्यांच्या गावात येत. लोक ती सर्व एकच मानीत. व्हाइट ह्यांनी त्यांचे बोल नीट ऐकून त्या तीन निरनिराळ्या जाती असल्याचे ओळखले. त्यांच्या पत्रांचा संग्रह १७८९ साली निघाला आणि तो आजही वाचला जातो. त्या तीन पाखरांचे एक जवळचे नातलग दरवर्षी पावसाळा संपता संपता उत्तरेकडून आपल्याकडे येते. वजन जेमतेम आठ ग्रॅम. चिंचेच्या शेंड्यातून त्याचा बारीक दुहेरी चीत्कार वसंतापर्यंत ऐकू येत असतो. हजारो मैलांचा प्रवास करून आलेला हा पाहुणा आपल्या डोक्यावर वावरत असतो आणि खाली उपासना सुरू असते. त्याच्याकडे मान वर करून पाहणारे आवारात क्वचितच कोणी असते.

आपल्याही प्रांतात असा एक पुरुष होऊन गेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन ह्यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास, स्कॉटिश मिशनरी कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात गेले. उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द येथेही त्यांची नेमणूक होती. बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसणाऱ्या पाखरांवर व किड्यामुंग्यांवर त्यांनी जे विनोदी आणि अचूक लिहिले, ते त्या काळी फार लोकप्रिय झाले. १८८३ साली ज्या आठ गृहस्थांनी वर उल्लेखिलेली सोसायटी मुंबईत स्थापन केली, त्यांत एटकिन होते, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थही होते. त्यांपैकी आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, हे वाचकांस विदित असेलच.

आता एक अप्रिय गोष्ट. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत. त्यांना ‘रोजचे पाखरू’ म्हणावे इतकी ती सर्वत्र होती, आणि म्हणूनच त्यांची मोजदाद करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश ह्यांनी मात्र १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. पुढील दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा संख्या कोसळल्याचे दिसून आले. १९९९ साली ही गोष्ट त्यांनी प्रसिद्ध केली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे ‘डायक्लोफेनॅक’ हे औषध ह्याचे कारण होते. ते दिलेले जनावर मरून गिधाडांच्या पोटात गेले म्हणजे त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी ह्या औषधास बंदी झाली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक ह्या प्रमाणात उरली. एवढा मोठा पक्षी, भर दिवसा, सर्वांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. आणि तो कोणत्या वर्षी दिसेनासा झाला हे बहुतेक गावांत कोणालाच सांगता येत नाही. आनंदाच्या लेखात हे लिहावे किंवा नाही, ह्याचा आम्ही विचार केला. परंतु भरतपूरची पहिली मोजणी झाली तेव्हा गिधाडे धोक्यात नव्हती, ती विपुल होती. विपुल असलेल्या पक्ष्याची घरटी मोजण्याचे कष्ट कोणीतरी घेतले, म्हणूनच पुढे त्यांची घट सिद्ध करता आली.

चिमणीविषयी उलट प्रकार आहे. चिमण्या संपल्या, अशी हळहळ जिकडे तिकडे ऐकू येते. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली जो अहवाल तयार झाला, त्यात चिमणीची संख्या एकंदर देशात साधारण स्थिर असल्याचे आढळले. घट होती ती मुंबई, हैदराबाद ह्यांसारख्या महानगरांत. तेव्हा आपल्या गावात चिमण्या आहेत किंवा नाहीत हे ऐकीव गोष्टींवरून ठरवू नये. दाराशी बसून मोजाव्यात. २०२३ च्या अशाच अहवालासाठी सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी उपयोगात आणल्या गेल्या. हे निरीक्षक बहुतांशी आपल्यासारखेच हौशी लोक. ‘ईबर्ड’ नावाच्या संगणकीय नोंदवहीत कोणालाही आपली यादी विनामूल्य घालता येते. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीइतक्याच काळजीने एक साधी वही ठेवावी: दिनांक, वेळ, ठिकाण, पाखरू, संख्या, आणि ते काय करीत होते. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. खरी मौज त्यातच असते.

आता आवाराची देखभाल करणाऱ्यांसाठी एक सूचना. अनेक जुन्या उपासनामंदिरांच्या पोर्चच्या छताला, कमानींच्या कोपऱ्यात, पिसांचे व काड्यांचे गबाळे गोळे एकमेकांना चिकटलेले असतात. ती पाकोळ्यांची घरटी. काळसर अंग, पांढरी कंबर, कोयत्यासारखे पंख. संध्याकाळी त्यांचा थवा किलकिलाट करीत छपराभोवती घिरट्या घालतो. पाकोळीच्या पायांची ठेवण अशी की, तिला फांदीवर किंवा तारेवर बसता येत नाही. ती उभ्या पृष्ठभागाला नख्यांनी चिकटते, आणि दिवसभर हवेतच किडे टिपते. ते गोळे लाळेने चिकटवलेले असून विणीचा हंगाम संपल्यावरही पाकोळ्या रात्री त्यांतच झोपतात. नाताळापूर्वीच्या रंगरंगोटीत बांबूला खराटा बांधून हे गोळे पाडण्याची चाल आहे. छताचा तेवढा हातभर भाग त्या वर्षी रंगाविना राहू द्यावा. दिवेलागणीच्या सुमारास पोर्चसमोर उभे राहिल्यास एकेक पाकोळी वेग न आवरता सरळ भिंतीवर येते, आदळणार असे वाटत असतानाच घरट्याच्या तोंडात शिरते, आणि आतून बराच वेळ कुजबुज ऐकू येत राहते.